पुराच्या दिवशी दिलेला डबा : एका आठवणीचं प्रकरण

हे प्रकरण नाशिकमधल्या एका कुटुंबाचं आहे. त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. नावं, व्यवसायाचे काही तपशील आणि दागिन्यांची वजनं बदलली आहेत. पुरांच्या तारखा मात्र खऱ्या ठेवल्या आहेत, कारण सगळं घोडं तिथेच अडलं होतं.

पार्श्वभूमी

गंगेला पूर आला की नाशिककर पहिला प्रश्न विचारतो, पाणी दुतोंड्या मारुतीच्या कुठवर आलं? (गंगा म्हणजे गोदावरी. गावात तिला गोदावरी फक्त पाहुणे म्हणतात.) कमरेला, छातीला, गळ्याला, डोक्यावरून. नदीकाठच्या जुन्या बाजारातले लोक या मापावर दुकान कधी रिकामं करायचं ते ठरवतात.

या कुटुंबाचं तांब्या-पितळेच्या भांड्यांचं दुकान अशाच एका गल्लीत. खाली दुकान, वर वाडा. थोरले अण्णा आता सदुसष्ट वर्षांचे, धाकटे बापू एकसष्टचे. बापू बायको-मुलीला घेऊन २०११ साली पाथर्डी फाट्याकडे फ्लॅटमध्ये राहायला गेले. अण्णा वाड्यातच राहिले. आई २०१४ मध्ये गेली, अण्णांच्या पत्नी २०२१ मध्ये, कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत.

आईचा एक पितळी डबा होता, फिरकीच्या झाकणाचा. त्यात साडेपाच तोळ्यांची मोहनमाळ आणि चार तोळ्यांची पाटल्यांची जोडी. वाडा पाडून इमारत बांधायचं ठरलं, वाटणीचे कागद निघाले, आणि कुणीतरी विचारलं, "आईचा डबा कुठाय?"

अडचण

अण्णांनी क्षणभरही विचार न करता सांगितलं, "डबा शोभाकडे आहे. पुराच्या दिवशी मीच दिला तिच्या हातात."

शोभाकाकू म्हणजे बापूंच्या पत्नी. त्या म्हणाल्या, "अण्णा, मला डबा दिलाच नाही कधी."

अण्णांना ते दृश्य जसंच्या तसं दिसत होतं. जिन्याची तिसरी पायरी, खाली गढूळ पाणी, पिवळ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला डबा, शोभाच्या हातात हिरव्या बांगड्या. त्यात त्यांचा मुलगा म्हणाला, "हो, मीही होतो की तिथे." दोन साक्षी झाल्या. शोभाकाकूंच्या बाजूने फक्त त्यांचा नकार.

चार महिन्यांत बोलणं बंद झालं. अण्णांच्या मुलाने वकिलाची नोटीस तयार करून ठेवली. बापूंची मुलगी माझ्याकडे आली ती नोटीस जायच्या आधी. तिचा प्रश्न नेमका होता: "अण्णाकाका खोटं बोलणारे नाहीत. आई चोरी करणारी नाही. मग हे काय आहे?"

तिला मी तेव्हाच स्पष्ट सांगितलं, की मी समुपदेशक आहे, तपास अधिकारी नाही. डबा शोधून देणं माझं काम नाही. ते पुढे अर्धवट खोटं ठरलं, ती गोष्ट वेगळी.

पहिली बैठक, आणि माझी चूक

मी सगळ्यांना एकत्र बोलावलं. कुटुंबाचा वाद म्हणजे कुटुंबाला समोरासमोर बसवायचं, ही आमच्या कामातली सवय. नात्यांचा वाद असता तर ते बरोबरच होतं. पण हा वाद आठवणीचा आहे, हे माझ्या ध्यानात यायला दोन आठवडे गेले.

अण्णांनी त्या दिवशीची हकिकत पंधरा मिनिटं सांगितली. मुलगा मध्ये मध्ये भर घालत होता. "पिवळं प्लास्टिक, बरोबर." शोभाकाकू मान खाली घालून ऐकत होत्या. मग मी त्यांच्याकडे वळून विचारलं, "काकू, अण्णा डबा देत होते तेव्हा तुम्ही जिन्यावर नेमक्या कुठे उभ्या होतात?"

वाक्य तोंडातून गेलं तेव्हा त्यात काही वावगं वाटलं नाही. वहीत ते जसंच्या तसं लिहिलेलं आहे, म्हणून आज कबूल करावं लागतंय. त्या प्रश्नात डबा दिला गेला हे गृहीतच धरलं होतं.

एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर यांचा १९७४चा प्रयोग मी विद्यार्थ्यांना दरवर्षी शिकवते. लोकांना मोटारींच्या टकरीची फिल्म दाखवली आणि वेग विचारला. काहींना विचारलं गाड्या 'धडकल्या' तेव्हा, काहींना 'चुराडा झाला' तेव्हा. जोरदार क्रियापद ऐकलेल्यांनी वेग जास्त सांगितला. आठवड्याने विचारलं, फुटलेली काच दिसली का? फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती. 'चुराडा' ऐकलेल्या ५० पैकी १६ जणांना ती आठवली, 'धडकल्या' ऐकलेल्या ५० पैकी ७ जणांना. शब्द प्रश्नातला होता, काच आठवणीत आली. हे फळ्यावर लिहायचं आणि खोलीत स्वतःच तसा प्रश्न विचारायचा!

दहा दिवसांनी शोभाकाकू एकट्या आल्या. नीट झोप नव्हती. म्हणाल्या, "ताई, मला आता तो जिना दिसायला लागलाय. अण्णा खाली वाकलेत, हातात काहीतरी आहे. दिलाही असेल हो. मीच विसरले असेन का?"

मी हबकले. अण्णांची हकिकत, पुतण्याचा दुजोरा, माझा प्रश्न आणि दहा रात्री त्यावर केलेला विचार, एवढ्यावर एक नवी आठवण उगवत होती. लॉफ्टस आणि पिकरेल यांनी १९९५ साली २४ जणांना त्यांच्या लहानपणीची एक बनावट गोष्ट, बाजारसंकुलात हरवल्याची, नातेवाइकांच्या तोंडची म्हणून दिली. सुमारे चौथ्या हिश्श्याच्या लोकांना ती थोडी ना थोडी आठवली. तिथे दागिन्यांचा आरोप नव्हता, वाटणी नव्हती, दिराचा दरारा नव्हता. इथे सगळंच होतं.

त्या दिवशी मी काकूंना एकच काम सांगितलं. डब्याचा विचार करायचा नाही, आणि आठवलं तर तारीख घालून लिहायचं, कुणाला सांगायचं नाही.

समोर असलेले पर्याय

घरातून आलेले पर्याय आधी सांगते. एका मामांचं म्हणणं, दोघांनी रामकुंडावर पाण्यात उभं राहून शपथ घ्यावी. अडचण अशी, की अण्णांनी ती बेधडक घेतली असती, आणि खोटं न बोलता घेतली असती. शपथ खोटारड्याला अडवते, चुकीचं आठवणाऱ्याला नाही.

मुलाला संमोहन हवं होतं, नाहीतर लाय डिटेक्टर. संमोहनात माणूस जास्त बोलतो, पण जास्त खरं बोलतो असं नाही. वाढते ती खात्री. आणि आमच्याकडे खात्रीचा दुष्काळ नव्हताच. लाय डिटेक्टरचंही तेच, शपथेचं यंत्र. शिवाय संमतीशिवाय असल्या चाचण्या करता येत नाहीत, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१० सालीच सांगितलंय.

बापू सगळ्यांत थकलेले. ते म्हणाले, निम्म्या सोन्याचे पैसे मी भरतो, विषय संपवा. काकू ताडकन म्हणाल्या, "पैसे दिले म्हणजे मी घेतलं असं होईल." त्यांचं बरोबर होतं.

राहिला आजाराचा प्रश्न. सदुसष्टाव्या वर्षी माणूस ठामपणे काही वेगळंच सांगतो, तेव्हा स्मृतिभ्रंश नाही ना हे पाहायलाच हवं. अण्णांना मेंदूविकारतज्ज्ञाकडे पाठवलं. वयाच्या मानाने सगळं ठीक. पितळेचा भाव वर्षागणिक तोंडपाठ, गिऱ्हाइकांची तीन पिढ्यांची नावं पाठ. एन्डेल टल्व्हिंग यांनी १९७२ साली माहितीची स्मृती आणि प्रसंगाची स्मृती असा भेद मांडला तो इथे कामाला आला. भाव आठवणं वेगळं, अमुक दिवशी अमुक पायरीवर काय घडलं हे आठवणं वेगळं. पहिलं पक्कं असल्याने दुसरं पक्कं ठरत नाही. पण अण्णा रिपोर्ट घेऊन आले ते विजयी मुद्रेने: "बघा, डोकं ठणठणीत आहे." रिपोर्ट देण्याआधी मी हा भेद समजावायला हवा होता. निरोगी स्मरणशक्तीच अशा चुका करते, हे त्यांना नंतर पटवणं दुप्पट अवघड गेलं.

मग काय केलं

सगळ्यांना वेगवेगळं केलं. एकमेकांशी या विषयावर बोलायचं नाही, आणि प्रत्येकाने पुराच्या दिवसाची हकिकत स्वतःच्या हाताने लिहायची. डब्याची नव्हे, दिवसाची. सकाळी काय खाल्लं, कुणाचा फोन आला, घरात कोण कोण होतं. फिशर आणि गायसेलमन या दोघांनी १९८०च्या दशकात साक्षीदारांसाठी मुलाखतीची जी पद्धत बसवली तिचा गाभा हाच: आधी माणसाला मनाने त्या जागी नेऊन बसवा, मग त्याला अखंड बोलू द्या, निरुपयोगी वाटणारंही सांगू द्या, मध्ये तोंड घालू नका.

मुलाच्या कागदाचा निकाल लवकर लागला. त्याने तारीख लिहिली १९ सप्टेंबर २००८. खाली लिहायला बसला आणि अडकला, कारण सकाळी काय खाल्लं याच्या उत्तरात मेसचे पोहे आले. तो तेव्हा पुण्याला हॉस्टेलवर होता. पूर त्याने मेसमधल्या टीव्हीवर पाहिला होता, आणि डब्याची गोष्ट वडिलांकडून नंतर कितीदा तरी ऐकली होती. टीव्हीतलं पाणी, घरचा जिना आणि वडिलांचे शब्द मिळून 'मी पाहिलं' तयार झालं होतं. लाजला बिचारा. त्याला मी चॅलेंजर या अमेरिकी अंतराळयानाची गोष्ट सांगितली. यान २८ जानेवारी १९८६ रोजी फुटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी उल्रिक नायसर यांनी विद्यार्थ्यांकडून लिहून घेतलं, बातमी कुठे कशी कळली. अडीच वर्षांनी त्यांतल्या ४४ जणांना पुन्हा विचारलं, तर ११ जणांचं एकही उत्तर मूळ कागदाशी जुळेना. बऱ्याच जणांनी आता टीव्हीवर पाहिल्याचं सांगितलं, मूळ कागदात मात्र कुणा मित्राचं नाव होतं. खात्री भरपूर होती.

मुलाने नोटीस बाजूला ठेवली. तरी अण्णांचं चित्र जागेवरच होतं.

दिवे

अण्णांची हकिकत मी वाड्यात जाऊन ऐकली. ते तिसऱ्या पायरीवर बसले, मी खाली ओट्यावर. डोळे मिटायला सांगितले आणि म्हटलं, डबा सोडा, आजूबाजूला काय आहे ते सांगा.

ते सांगत गेले. खाली पाणी. कामगार हंडे वर फेकताहेत. भिंतीला ओल. मग म्हणाले, "मागे देवघर. पाटावर दिवे मांडलेत. समया, निरांजनं, आजीचा लामणदिवा. सगळे घासलेले, लख्ख. चिंचेचा वास येतोय. पाटाभोवती रांगोळी."

मी लिहून घेतलं आणि पुढे गेले. पितळेचं दुकान, घासलेले दिवे, त्यात काय विशेष? पुढची वीस मिनिटं मी हिरव्या बांगड्यांच्या मागे लागले होते. बांगड्यांतून काहीही निघालं नाही.

रात्री वही वाचताना रांगोळीपाशी थबकले. घरातले सगळे दिवे घासून पाटावर मांडायचे, भोवती रांगोळी काढायची, हे वर्षातून एकदा होतं. आषाढी अमावस्येला, दिव्यांच्या अवसेला. १९ सप्टेंबर २००८ पितृपक्षात होता. मग दुसऱ्या मोठ्या पुराची तारीख काढली. सिंहस्थाच्या पुढच्या वर्षी, २ ऑगस्ट २०१६. जुनं कॅलेंडर पाहिलं: आषाढ अमावस्या.

दिवे २०१६चे होते. जिना दोन्ही वर्षांचा. आणि शोभाकाकू?

हाच निर्णयाचा दुसरा टप्पा, आणि इथे मी सुदैवाने सावध होते. लगेच फोन करून "२०१६ मध्ये तुम्ही वाड्यात होतात का?" असं विचारलं नाही. काकूंचे दोन्ही पुरांचे कागद आधीच लिहून माझ्याकडे होते. २०१६च्या कागदावर त्यांनी लिहिलं होतं, की रस्ते बंद होते, वाड्यात दोन दिवसांनी जाता आलं, चिखल काढायला. त्यांच्या मुलीच्या फोनमध्ये त्याच संध्याकाळचा फ्लॅटमधल्या दिव्यांच्या पाटाचा फोटो सापडला, तारखेसकट. २००८च्या कागदावर होतं: "अण्णांनी जिन्यावरून लाल चोपड्या दिल्या, पिवळ्या प्लास्टिकमध्ये. मी माळ्यावर दोरीला वाळत घातल्या." त्या चोपड्या अजून आहेत. पानं फुगलेली, शाई पसरलेली.

शिवाय २००८ साली आई हयात होती, आणि तिच्या हयातीत तो डबा तिच्या कपाटाबाहेर पडला नव्हता, हे अण्णांनी स्वतःच लिहिलेलं होतं. आपल्याच दोन वाक्यांतली ही गाठ त्यांना इतक्या वर्षांत कधी दिसली नव्हती.

म्हणजे प्रसंग दोन होते. एकदा तिसऱ्या पायरीवरून पिवळं प्लास्टिक शोभाच्या हातात गेलं, त्यात चोपड्या होत्या. आठ वर्षांनी त्याच पायरीवर, दिव्यांच्या अवसेला, डबा कुणाच्या तरी हातात गेला. जागा तीच, पाणी तेच, घाई तीच. फ्रेडरिक बार्टलेट यांनी १९३२ सालीच मांडलं होतं, की आठवताना माणूस साठवलेलं बाहेर काढत नाही, उरलेल्या तुकड्यांवरून पुन्हा जुळवतो. अण्णांनी दोन पुरांचे तुकडे एकाच जिन्यावर जुळवले होते. आणि दर वेळी सांगताना ते जुळवणं आणखी घट्ट होत गेलं.

निष्पत्ती

२०१६ साली त्या वाड्यात अण्णांखेरीज एकच माणूस होतं, त्यांच्या पत्नी. हे मी बोलले नाही. दोन्ही तारखा कागदावर लिहून अण्णांसमोर ठेवल्या आणि गप्प बसले. बराच वेळ ते बघत राहिले. मग म्हणाले, "म्हणजे हिला दिला होता?"

पुढचं काम मेहुणीने केलं. सिन्नरला दोघी बहिणींच्या नावावर माहेरचा एक जुना लॉकर होता. "ताईने काहीतरी ठेवलंय" एवढंच तिला माहीत होतं, आणि ताई गेल्यावर तिला तो उघडवत नव्हता. उघडला तेव्हा आत पितळी डबा. डब्यात सराफाच्या गुलाबी कागदात पाटल्यांची जोडी.

मोहनमाळ नव्हती. ती आजतागायत सापडलेली नाही. मोडली असेल, कुणाच्या लग्नात दिली असेल, घरात तर्क पुष्कळ आहेत. कुणाला काही 'आठवायला' लागलं तर आधी लिहून ठेवायचं, असा आता नियम आहे.

अण्णा शोभाकाकूंच्या घरी गेले, माफी मागितली. काकूंनी चहा केला. वाटणीच्या कागदांवर सह्या झाल्या. बापू आणि अण्णा बोलतात, पूर्वीसारखं नाही.

तीन महिन्यांनी अण्णा म्हणाले, "मला पटतं, ताई. पुरावा समोर आहे. पण डोळे मिटले की शोभाच दिसते." मी त्यांना पियाजे यांची गोष्ट सांगितली. लहानपणी बाबागाडीतून आपल्याला पळवण्याचा प्रयत्न झाला, हे त्यांना स्पष्ट दिसायचं. ते पंधराएक वर्षांचे असताना दाईने पत्राने कबूल केलं, की ती सगळी बनवाबनवी होती. तरी चित्र काही पुसलं गेलं नाही. एवढ्या मोठ्या मानसशास्त्रज्ञाचीही ही गत, म्हटल्यावर अण्णा जरा सैलावले.

पुन्हा वेळ आली तर

पहिल्या दिवशी कुणालाही कुणासमोर बोलू देणार नाही. आधी कागद, मग माणसं. मुलाला तर अण्णांची हकिकत ऐकायला बसवणारच नाही. दोन साक्षी दिसत होत्या त्या मुळात दीडसुद्धा नव्हत्या.

शोभाकाकूंना विचारलेल्या त्या प्रश्नाची भरपाई होत नाही. डबा सापडल्यावरही त्यांनी मला दोनदा विचारलं, की मग मला दिसत होतं ते काय होतं? मी सांगितलं, ते मी पेरलं होतं. हे त्यांना दहाव्या दिवशीच सांगायला हवं होतं. तेव्हा मी ते 'प्रक्रियेत ढवळाढवळ नको' म्हणून टाळलं. खरं कारण लाज हे होतं.

आणि दिवे. वाड्यातून निघाल्यावर रात्रीपर्यंत ते माझ्या वहीत पडून होते. कुणी फसवतंय का हे पाहायची सवय असली की माणूस मुद्द्याच्या गोष्टीकडे बघतो. इथे मुद्द्याची गोष्टच बिघडलेली होती, आणि बिनमहत्त्वाची म्हणून तिच्याकडे कुणी पाहिलं नव्हतं ती रांगोळी शाबूत राहिली होती.

मागच्या महिन्यात अण्णा रस्त्यात भेटले. खुशीत होते. म्हणाले, "आता नीट आठवलं बघा. जिन्यावर हीच होती. डबा घेताना म्हणाली, काळजी करू नका. हातात हिरव्या बांगड्या."

घरी येऊन मी त्यांची वही काढली, तारीख घातली, आणि पुढे लिहिलं: नवी.